व्हेल न दिसल्याचा दाखला

नुसतं पाहणं कुणालाही जमतं. कुत्रं पाहतं, मांजर पाहतं, समोरच्या खिडकीतला शेजारी तर दिवसभर पाहतो. जबाबदारीने पाहणं मात्र शिकावं लागतं, आणि ते शिकवायला माणूस नेमावा लागतो.

बंदराच्या कार्यालयाने असा माणूस नेमला. हुद्दा होता जबाबदारी अधिकारी (सागरी दर्शन). बसायला फायलींच्या खोलीतलं अर्धं टेबल मिळालं. उरलेल्या अर्ध्यावर प्रवाशांचं हरवलेलं सामान असे, त्यामुळे अधिकाऱ्यांना पुष्कळदा एका पायातल्या चपलांच्या साक्षीने काम करावं लागे. धक्क्यावरचे लोक त्यांना नुसतं ‘जबाबदार’ म्हणत. त्यात थोडा खवचटपणा होता, पण जबाबदारांनी तो मान समजून घेतला.

जबाबदारांनी आयुष्यात व्हेल पाहिलेला नव्हता. ही त्यांची मुख्य पात्रता होती. ज्याने व्हेल पाहिला तो व्हेलच्या बाजूने तरी बोलणार नाहीतर विरुद्ध तरी, अशी समितीची धारणा होती. (समितीत पाच जण होते. त्यांतल्या एकाने कॉलेजात असताना डॉल्फिन पाहिल्याचं उघडकीला आलं, तेव्हा त्याने निःपक्षपातासाठी राजीनामा दिला. त्याचा निरोप समारंभ फार हृद्य झाला.) जबाबदारांचं प्रशिक्षण समुद्रापासून सहा तासांच्या अंतरावर, पडदे ओढलेल्या सभागृहात चौदा दिवस चाललं. तिथे त्यांनी दोनशे बारा चित्रं पाहिली आणि वहीत उतरवून घेतली.

आता अडचण एवढीच होती, की त्या बंदरात व्हेल दाखवणाऱ्या सात लाँच होत्या, आणि सर्वांत जुन्या लाँचचे तांडेल म्हणजे जबाबदारांचे सासरे.

सासरेबुवा एकतीस वर्षं लोकांना देवमासे दाखवत आले होते. त्यांचे नियम तीन होते. इंजिन बंद करायचं, तोंड बंद करायचं, आणि तो जवळ येईल तर येईल, नाहीतर आपलं नशीब म्हणून परत फिरायचं. एवढ्यावर एकतीस वर्षं भागलं. समितीला हे फारच अपुरं वाटलं, आणि वाटणारच. तीन नियमांची पुस्तिका छापायची म्हटली तर मुखपृष्ठ आतल्या मजकुराहून जाड व्हायचं.

म्हणून जबाबदारांनी बेचाळीस कलमांची पुस्तिका तयार केली. ‘देवमासा’ हा शब्द कलम एकनेच बाद झाला, कारण तो प्राणी देवही नाही आणि मासाही नाही. पुढच्या कलमांत पोशाखाचा रंग, खोकल्याची कमाल मर्यादा, दोन किलोमीटरच्या आतल्या आवाजाचा बंदोबस्त (कलम एकतीस) आणि बोट दाखवण्यास मनाई असं सगळं होतं. बोट दाखवलेलं माणसाला आवडत नाही, मग व्हेलला का आवडावं? कलम एकोणीस तर पुस्तिकेचा आत्माच होतं. ‘व्हेलकडे रोखून पाहू नये. व्हेल समोर आल्यास प्रवाशांनी त्याच्याकडे पाठ करावी.’

प्रत्येक फेरीला शंभर गुण असत. व्हेल जवळ आला तर पंधरा वजा, कारण त्याला वाट वाकडी करावी लागली. तो लांब गेला तर पंचवीस वजा, कारण तो घाबरला. बुडी मारली तर वीस वजा, कारण त्याला आपलं तोंड पाहवेना. आणि व्हेलने लाँचकडे पाहिलं तर एकदम चाळीस वजा, कारण ऐन कामाच्या वेळी त्याचं लक्ष विचलित झालं. उत्तीर्ण व्हायला सत्तर लागत. व्हेल आलाच नाही, तर वजा काहीच नाही, उलट ‘क्षेत्र अबाधित’ म्हणून दहा गुण वर.

परिणाम लगेच दिसला. पुस्तिकेच्या आधीच्या हंगामात व्हेलचं दर्शन एक्केचाळीस वेळा झालं आणि तक्रारी तीन आल्या. पुस्तिकेनंतर दर्शन सहा वेळा आणि तक्रारी शून्य. समाधानी प्रवासी सत्त्याण्णव टक्के. (उरलेल्या तीन टक्क्यांना लाँच लागली होती, त्यांना पेन धरवेना.) सहा तांडेल शहाणे होते. ते धक्क्यावरून निघत, बंदराच्या भिंतीला वळसा घालून परत येत आणि शंभरपैकी एकशेदहा गुण घेत.

सासऱ्यांना मात्र हंगामाचे सरासरी बासष्ट पडले. त्यांच्या लाँचजवळ देवमासे येत, त्याला ते तरी काय करणार? नियम असा होता, की सलग दोन हंगामांत नापास झाला त्याचा परवाना रद्द. या हंगामात त्यांची एकच फेरी तपासली जायची होती, आणि ती तपासायची होती जावयाने. जावयाचंही घोडं तिथेच अडलं होतं. चार निर्दोष फेऱ्या नावावर लागल्या की नोकरी कायम, आणि तीन झाल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ.

“बाबांना नापास करून घरी जेवायला येणार आहात का तुम्ही?” बायकोने पोळी वाढता वाढता विचारलं. “तसं असेल तर आधी सांगा, कणीक कमी मळेन.”

जबाबदारांचा स्वभाव मुळात वाईट नव्हता, हे इथे नोंदवलं पाहिजे. सासऱ्यांना एकशेदहा गुण मिळावेत म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. त्यांनी अशी फेरी आखली, की तशी जबाबदार फेरी जगात कुणी आखली नसेल. आधी महिना ठरवला. व्हेल येतात तो महिना टाळला. मग वेळ ठरवली, ती भर दुपारची. उरली जागा. त्यासाठी ते नकाशा घेऊन सासऱ्यांच्या ओट्यावर गेले. सासरे दोराला गाठ मारत बसले होते.

“बाबा, ते कुठे नसतात?”

सासऱ्यांनी गाठ पुरी केली. “एकतीस वर्षं लोक मला ते कुठे असतात ते विचारत आले, जावईबापू.”

“आता दिवस बदलले.”

“दिसतंय ते.” सासऱ्यांनी नकाशावर बोट ठेवलं. “जुन्या दीपगृहामागे जा. गाळ काढायचं यंत्र तिथे दिवसभर घरघरतं. देवमासा सोडा, साधी मासळी फिरकत नाही.”

जबाबदारांनी त्या जागेवर लाल फुली मारली. आपला सासरा दिसतो तितका हेकट नाही, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मग ते कार्यालयात गेले आणि राहिलेली कलमं एकेक करून पुरी केली. त्यात एकतिसावं कलमही आलं. दोन किलोमीटरच्या आतला आवाज बंद करायचा होता, म्हणून त्यांनी गाळाच्या यंत्राच्या अभियंत्याला पत्र लिहिलं, की अमुक दिवशी आपलं यंत्र पूर्ण बंद ठेवावं. पत्राला जावक क्रमांक दिला, प्रत समितीला पाठवली, स्मरणपत्रही पाठवलं. कामात त्यांची कसूर म्हणून नसे.

फेरीच्या दिवशी सकाळी बावीस प्रवाशांचं दोन तास प्रशिक्षण झालं. धक्क्यावरच्या प्रतीक्षालयात खुर्च्या लाँचसारख्या मांडून पाठ करण्याचा सराव घेतला. सगळ्यांनी उजवीकडूनच वळायचं, नाहीतर लाँच कलते. पहिल्या खेपेला एक प्राध्यापक डावीकडून वळले आणि शेजारच्या दंतवैद्याच्या नाकाला नाक लागलं. चौथ्या खेपेला मात्र बावीस पाठी अशा एकदम वळल्या, की जबाबदारांना गहिवरून आलं.

एका निवृत्त नर्सबाईंनी हात वर केला. बेचाळीस वर्षं रात्रपाळ्या केल्यावर मुलीने हट्टाने पाठवलं होतं त्यांना. “मग बघायचं कधी?”

“प्रश्न शेवटी घेऊ,” जबाबदार म्हणाले. शेवटी वेळ उरला नाही.

दुपारी लाँच जुन्या दीपगृहामागे पोचली. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं आणि कान टवकारले.

“यंत्र का बंद?”

“मीच पत्र दिलं होतं,” जबाबदार म्हणाले. “कलम एकतीस.”

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. मग ते टोपी काढून हळूच म्हणाले, “अकरा महिन्यांनी पहिल्यांदा गप्प झालंय हे पाणी. आता बसा.”

पाच मिनिटं झाली. मग लाँचच्या डाव्या अंगाला पाणी फुगलं, आणि घरावर घर रचावं तशी एक काळी पाठ वर आली. फवारा उडाला. त्याचे थेंब सगळ्यांच्या डोक्यावर पडले आणि त्यांना कुबट, मासळी सडल्यासारखा वास होता. जबाबदारांनी शिट्टी फुंकली. बावीस प्रवासी उजवीकडून वळले आणि त्यांनी देवमाशाकडे पाठ केली. एकही चुकला नाही. प्राध्यापकही नाही.

नर्सबाईंनी तेवढी मान वळवली. बेचाळीस वर्षांत कुणी त्यांना मागे बघू नका म्हटलं नव्हतं. त्यांनी पोटभर पाहून घेतलं आणि मग शहाण्यासारखी मान पुढे केली.

अशा वेळी समोर पाहायची मुभा एकालाच होती. व्हेलची प्रतिक्रिया फॉर्मवर टिपायची म्हणून जबाबदारांना पाहणं भागच होतं. देवमासा कुशीवर झाला. त्याचा डोळा पाण्याच्या वर आला, आणि त्या डोळ्याने तो जबाबदारांकडे पाहत राहिला. दोनशे बारा चित्रांत हे नव्हतं. जबाबदार टिपायचं विसरले, आणि आपण फार लहान आहोत व त्याचं आपल्याला काहीच वाईट वाटत नाही, असं काहीतरी त्यांना झालं. (फॉर्मवर यासाठी रकाना नाही.) शेजारी सासरे उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग देवमासा खाली गेला आणि जबाबदार भानावर आले. जवळ आला, पंधरा. पाहिलं, चाळीस. बुडी, वीस. शंभरातून पंचवीस उरले. सासऱ्यांचा परवाना गेला आणि चौथी फेरीही गेली.

इकडे आड तिकडे विहीर असली, की शहाणा माणूस कागद काढतो. जबाबदारांनी प्रवाशांना पुढे वळायला सांगितलं आणि हात जोडले. “मंडळी, फॉर्मवर ‘व्हेल दिसला नाही’ एवढं लिहून सही करा. नाहीतर या तांडेलांचा परवाना जाईल. म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय नको.”

बावीसही माणसं सज्जन होती. म्हाताऱ्याच्या पोटावर पाय द्यायला कुणीच तयार नव्हतं. शिवाय एकवीस जणांनी पाठ केलेली असल्यामुळे त्यांच्यापुरतं ते तसं खरंही होतं. नर्सबाई क्षणभर घुटमळल्या. “मी पाहिलाय हो,” त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “पण तुमचं नुकसान कशाला करू?” आणि त्यांनी सही केली, अक्षर सुवाच्य.

शेवटी पेन सासऱ्यांकडे आलं.

“दिसला नसताना दिसला असं मी एकतीस वर्षांत कुणाला म्हटलं नाही,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक रुसलं तरी नाही. आता तो माझ्या लाँचशेजारी येऊन गेला, आणि नाही म्हणू?”

“बाबा, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं.”

“ते कळतंय मला, जावईबापू.” आणि त्यांनी लिहिलं: देवमासा दिसला.

सुनावणी पुढच्या आठवड्यात झाली. समितीने प्रकरण अत्यंत जबाबदारीने हाताळलं. बावीस प्रवासी आणि एक प्रशिक्षित अधिकारी म्हणत होते, व्हेल दिसला नाही. एकटे तांडेल म्हणत होते, दिसला. म्हणजे तेवीस निरोगी माणसांना जे दिसत नाही ते या गृहस्थाला दिसतं. तर मग एकतर तो खोटं बोलत असेल, नाहीतर त्याच्या नजरेत दोष असेल. समितीने मोठ्या मनाने दुसरी शक्यता धरली. नजरेत दोष असलेल्या माणसाच्या हाती लाँच देणं प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे, सबब परवाना रद्द. फेरीला मात्र एकशेदहा गुण मिळाले.

निकाल देण्याआधी अध्यक्षांनी जबाबदारांना नियमाप्रमाणे विचारलं, “आपणास काही दिसलं होतं काय?”

सासरे समोरच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. जावयाची पंचाईत नको, म्हणून असेल.

“अहवालात नमूद केल्याप्रमाणे,” जबाबदार म्हणाले. त्याच दुपारी ते कायम झाले. आता पूर्ण टेबल त्यांचं आहे. घरी बायको ताट वाढते, भाजी हवी का तेवढं विचारते, आणि बाकी काही विचारत नाही. सासरे रोज दुपारी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसतात, आणि नजरेत दोष असलेला माणूस म्हणून पोरंटोरं त्यांना धक्क्याच्या पायऱ्या उतरताना हात देतात. त्यांना त्याचा राग येतो, पण ते हात सोडवून घेत नाहीत.

हे वाचून तुम्ही मनात म्हणालाच असाल, की मी त्या लाँचवर असतो तर सही केली नसती. फार चांगलं. त्या बावीस जणांना आज विचारलं तर तेही हेच सांगतात, आणि मनापासून सांगतात. त्या दिवशी लाँचवर पेन एकच होतं. ते हातोहात फिरून अकरा मिनिटांत परत आलं.