देवमनभाऊंची गाडी विचार करते

देवमनभाऊ चहा घरात पीत नाहीत, गाडीत पितात. गाडी कुठं चाललेली नसते बरं का. ती गुरांच्या कोठ्यात उभी असते, तोंड रस्त्याकडे करून. एका बाजूला गाय, मागं सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, आढ्याला टेकलेला ढीग आणि उरलेल्या जागेत ही पांढरी सेकंडहँड गाडी. स्टेअरिंगमागं देवमनभाऊ, इंजिन उगाच सुरू, डॅशबोर्डवर बशी, हातात कप. कोणी भेटायला आलं की ते आतूनच डावीकडचं दार ढकलतात आणि म्हणतात, "या, बसा." मग पाहुण्यानं कुटार तुडवत जायचं, गाडीत बसायचं, काचेतून आलेला चहा घ्यायचा आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बोलायचं. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना गाडीतच दिली. त्यांनी ती वाचली आणि आरशामागं खोचून ठेवली.

"घरात खुर्ची नाई का हो भाऊ?" मी एकदा चिडून विचारलं. माझ्या पँटला खालपासून वरपर्यंत कुटार चिकटलं होतं. माझं कापडाचं दुकान. दुकानदारच असा भुसभुसलेला दिसला तर गिऱ्हाईक काय विश्वास ठेवणार?

"खुर्चीवर पाठ लागत नाई शेठ," ते शांतपणे म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली. सामने काच नसली का मले बोलनंच सुचत नाई."

मी पँट झटकत चहा प्यालो.

आमच्या वाशीमकडच्या शिरपुरात माझं दुकान आणि त्यांचं घर समोरासमोर. पारसनाथाच्या मंदिरात दर्शनाला आलेली मंडळी माझ्याकडे साड्या बघतात आणि त्यांच्याकडे वाशीमची गाडी कधी ते विचारतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माणूस अजून ड्युटीवरच आहे. "साडेदहाची गेली, अकरा दहाची येऊन राह्यली, उभे राहा सावलीत," असं ते गाडीत बसूनच सांगतात. अकरा दहाची अकरा वीसला आली तर चेहरा असा पाडतात की जणू स्वतःच उशिरा आले.

तर या गाडीला होळीच्या सुमारास दुखणं लागलं. पिकअप गेलं.

तेव्हापासून गावात कोणी "राम राम भाऊ" म्हटलं की ते "राम राम" म्हणायच्या आधी "पिकअप नाई ना बाप्पा" म्हणायला लागले. भाजीवालीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, एका मयतीत खांदा देताना शेजारच्याला सांगितलं. वर्णन तेच असायचं. "पाय दाबला का गाडी म्हने, थांब, इचार करतो. मंग इचार करते. मंग म्हने, बरं, चाल."

आणि उपाय! आधी पेट्रोलवर खापर फोडलं. शेजारच्या मालेगावचं भरून पाहिलं, वाशीमचं भरून पाहिलं, एकदा तर रिसोडला जाऊन भरून आले. मग म्हणाले, वारा उलटा आहे. वारा फिरला तरी गाडी तशीच. मग म्हणाले, वजन जास्त झालं. स्टेपनी काढली, पायातले मॅट काढले, पुढं टांगलेलं लिंबू-मिरची काढलं आणि एक दिवस मी दुकान उघडायला येतो तर काय, गाडीचं अख्खं मागचं सीट ओसरीवर! त्यांच्या बायको, कमलवहिनी, त्याच सीटवर बसून तूर निवडत होत्या.

"आता मले कुठी बसवता? डिक्कीत?" त्यांनी कोठ्याकडे बघून विचारलं.

"तू सामने बसत जाय," आतून उत्तर आलं.

"अन् पाहुने?"

"पाहुने तुह्या संग सीटवर बसतीन. ओसरीत. आता झाली ना खुर्ची!"

वहिनींनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. खरं सांगतो, तेव्हा मला या सगळ्यात गंमतच वाटत होती.

गंमत कमी झाली ती सलीम मिस्त्रीच्या गॅरेजात. मीच त्यांना ढकलत नेलं होतं, कारण रोज तेच ऐकून माझे कान किटले होते. सलीमचा हात हुशार. त्यानं गाडीचा आवाज ऐकला आणि हात पुढं केला, "चावी द्या भाऊ, एक चक्कर मारून पाह्यतो."

"तू बाजूले बस. मी चालवतो."

"तुमी चालवून मले कसं समजंन? पाय माहा पायजे ना तिच्यावर."

"नाई म्हंजे नाई. या गाडीले माहा हात माहीत हाये."

"मंग बोनेट तरी उघडू द्या."

"काहून? उघडलेली वस्तू पुन्हा तशी बसत नाई."

आता बोला! डॉक्टरकडे जायचं आणि तोंड उघडायचं नाही, असला हा पेशंट. सलीम वैतागला. हात पुसत हसून म्हणाला, "गाडी पाहू देत नाई तं मंग भाऊ, एकदा तुमचा पायच दाखवून या कोनाले."

मी खदाखदा हसलो. देवमनभाऊ हसले नाहीत. त्यांनी गाडी सुरू केली, मला न घेताच निघाले आणि मी शर्टाची बाही घामानं भिजवत पायी परत आलो. त्यानंतर ते गॅरेजकडे फिरकले नाहीत.

मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. हा माणूस असा कधी नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी बंद पडली होती तेव्हा यांनी स्वतः चावी माझ्या हातात दिली होती आणि कामरगावपर्यंत मी ही गाडी एकट्यानं नेऊन आणली होती. मग आताच असं काय झालं?

त्यात नाशिकहून मुलाचा, राजूचा फोन यायला लागला. फोन गाडीतच घेतला जायचा आणि आवाज मोठा ठेवल्यानं मला दुकानात ऐकू यायचा. "बाबा, तुम्हाला शुगर आहे. पायाला मुंग्या येतात, तुम्हीच सांगितलं होतं. ॲक्सिलेटर नीट दाबला जात नसेल. वय झालं, यात लाजायचं काय? मी दिवाळीला येतो, तेव्हा गाडी देऊन टाकू. गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे." यावर देवमनभाऊ फक्त "हाव" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मुलगा वाईट नाही हो. तो लांब राहतो, त्याला भीती वाटते. पण तो फोन झाला की त्या दिवशी चहा तसाच निवायचा.

दिवाळीला पंधरा दिवस असतील. दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, चला, भाऊंकडे चक्कर मारू. कोठ्यात गेलो. गाडीचं दार उघडं, देवमनभाऊ नेहमीच्या जागी. उजव्या पायातली चप्पल काढलेली, पाय डाव्या मांडीवर घेतलेला, डोळे गच्च मिटलेले आणि हातात गोधडी शिवायची सुई. ते ती तळपायाला टोचत होते. अंगठ्याला टोचली, टाचेला टोचली, पुन्हा अंगठ्याला.

"ओ भाऊ! काय करून राह्यले हे?"

ते दचकले. सुई लपवायला गेले, पण गाडीत लपवणार कुठं? मॅटसुद्धा काढून टाकलेले.

"काई नाई. पाहून राह्यलो, लागते का म्हून."

"लागते का मंग?"

"कधी वाटते लागते. कधी वाटते, लागली असं मीच मनाले सांगून राह्यलो." त्यांनी सुई डॅशबोर्डवर ठेवली आणि ते समोरच्या काचेकडे वळले. मग म्हणाले, "शेठ, तुमाले खरं सांगू? मी सलीमले चावी काहून नाई देली माहीत हाये? त्याच्या पायाखाली गाडी पळाली असती तं? मंग गाडी चांगली अन् मी खराब, हे सगळ्या गावात झालं असतं. राजू म्हन्ते ते खरं झालं असतं."

मला त्या दिवशीचं माझं हसणं आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"अन् गाडी गेली तं काय बिघडते भाऊ? एसटी हाये ना, अकरा दहाची," मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"एसटीनं जायले ते कधी नाईच म्हनत नाई," ते घराकडे मान करून म्हणाले. ते म्हणजे कमलवहिनी. "शेठ, अठ्ठावीस वर्षं दिवाळीच्या दिवशी मी स्टेअरिंगवर. भाऊबीजेले लोकायच्या बायका माहेरी नेऊन सोडल्या. लेकरं, पिशव्या, डबे, सगळं. अन् माही बायको घरी. तिचं माहेर इंझोरी. तिचा भाऊ वाट पाहून पाहून संध्याकाळी एकटाच जेवे. रिटायर झालो तवा मी तिले म्हटलं होतं, आता दर भाऊबीजेले मी तुले दारात नेऊन उतरवीन. पाच वर्षं उतरवलं. या सालची राह्यली."

माझा स्वभाव तापट आहे, माझी बायको सांगेल तुम्हाला. मला असं रडवेलं झालं की मी ओरडतो. "उतरा खाली!" मी ओरडलो. "उतरा म्हन्तो ना! तिकडं बसा. मी चालवतो."

"अन् पळाली तं?"

"पळाली तं मी अन् तुमी दोघंच जानू. मी मेलो तरी बोलनार नाई."

ते उतरले. गाडीला वळसा घालून डावीकडं येऊन बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शाळेतल्या पोरासारखे ताठ झाले. मी गाडी बाहेर काढली, मालेगाव रस्त्याला लावली. गावाबाहेर रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली वावरं. तिसरा गिअर टाकला आणि दाबण्याआधी मनात म्हटलं, पारसनाथा, आजवर तुझ्याकडे धंद्यासाठी मागितलं, पोरीच्या लग्नासाठी मागितलं. आज एकच मागणं, ही गाडी बिघडलेली असू दे.

आणि पाय दाबला.

गाडीनं विचार केला. अहो, कसला विचार! मी पाय पार तळाला टेकवला, आणि ती आपली हुं हुं करत होती. एक, दोन, तीन मोजले. मग कुठं तिला वाटलं असेल की चला, जाऊ या. तेवढ्यात मागून कुटार भरलेला ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून आमच्या पुढं निघून गेला आणि ड्रायव्हरनं वळून आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"भाऊ, उचलत नाई!" मी किंचाळलो.

"नीट दाबला का?"

"पार खाली दाबला!"

"पुन्हा दाबा."

पुन्हा दाबला. पुन्हा तेच. देवमनभाऊंनी वाकून माझ्या पायाकडे पाहिलं, खरंच दाबला आहे का ते. मग सरळ बसले आणि त्यांच्या तोंडून असा एक सुस्कारा निघाला की समोरची काच धुरकट झाली. "खराब हाये," ते म्हणाले. "गाडी खराब हाये शेठ! एकदम भंगार!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. मीही हसत होतो. आमच्यामागं दोन मोटारसायकली खोळंबल्या होत्या आणि शिव्या देत होत्या. द्या म्हटलं, आज कितीही द्या.

परत येताना मी गाडी सरळ गॅरेजकडे वळवली, तर त्यांनी स्टेअरिंगला हात घातला. "नाई. आताच नाई करायची. राजू येऊन राह्यला. आधी त्याले चालवू द्या."

दहा दिवस त्यांनी त्या दुखण्याला जपलं. राजू आला, हातपाय धुवायच्या आत त्याच्या हातात चावी दिली. तो मालेगाव रस्त्यानं जाऊन आला, उतरला आणि डोकं खाजवत म्हणाला, "बाबा, ही गाडीच मार खाते. मला वाटलं..." गिऱ्हाइकाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं वडिलांना वाशीमला नेलं आणि पाय तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, गोड तेवढं आवरा.

मग सलीमनं बोनेट उघडलं. हवेचा फिल्टर बाहेर काढला आणि तो उलटा धरला, तर त्यातून कुटार पडायला लागलं. पडतच राहिलं. त्याच्यामागून कापूस, तुरीच्या शेंगांची टरफलं आणि उंदरानं केलेलं छानपैकी घर.

"भाऊ," सलीम म्हणाला, "हे फिल्टर नाई, हे गव्हान हाये! गाडी श्वास घेईन कुठून?"

वर्षभर गाडी कुटाराला टेकवून ठेवली, रोज चहाच्या वेळी उगाच इंजिन सुरू करून बसायचं, आणि दोष वाऱ्याला! मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आपले प्रसन्न. "गायीचं कुटार खाल्लं बिचारीनं," असं म्हणाले. नवा फिल्टर बसला, मागचं सीट ओसरीवरून उठून परत गाडीत गेलं. पाय ठेवायचा अवकाश, गाडी अशी उसळली की सलीम मागं सरकला.

भाऊबीजेला सकाळी मी दुकानासमोर उभा होतो. देवमनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून टायर तपासत गाडीभोवती फिरत होते. कमलवहिनी डबा मांडीवर घेऊन पुढं बसल्या होत्या. मी काचेशी वाकून म्हटलं, "वहिनी, सुटलो बा एकदाचे! भाऊ पायाचं मनात घेऊन बसले होते. तुमाले माहीत नसंन."

त्यांनी मागं बघितलं, ते ऐकत नाहीत ना याची खात्री केली आणि आवाज अगदी बारीक केला. "मले नसंन माहीत? मी रोज त्यायच्या पायाले तेल लावतो. होळीपासून रोज, त्यायचा डोळा लागला का, मुद्दाम तळपायाले गुदगुल्या करून पाह्यतो. ते रोज लाथ झाडतात अन् झोपेतच माह्यावर खेकसतात. पायाले काई झालं नाई, हे मले पह्यल्या दिवशीच माहीत होतं."

"मंग सांगतलं काहून नाई त्यायले?"

"कसं सांगू? ते माह्यापासून लपवून राह्यले होते ना," वहिनी म्हणाल्या आणि डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.