साहेबांची अठरा नखं

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच असतील. मी मोटारसायकलची सीटकव्हरं शिवतो. तिथे टाका सरळ पडला की काम झालं, म्हणून लिहितानाही सरळच लिहितो. (बोलताना मात्र मला एकही टाका सरळ घालता येत नाही. ते पुढे येईलच.)

आमच्या डोक्यावर एक कुत्रा राहतो. म्हणजे वरच्या मजल्यावर. बिस्किटाच्या रंगाचा, पोट सुटलेला, आणि चालायची ढब अशी की ऑफिसात कोण कोण झोपलंय ते बघायला निघालाय. म्हणून सगळे त्याला साहेब म्हणतात. तर या साहेबांची नखं वाढली होती. ते फरशीवर चालायला लागले की आमच्या छतावर टक टक टक टक व्हायचं. जणू कोणी टाइपरायटरवर लांबलचक तक्रार टाइप करतंय.

आमच्या घरची तक्रार त्याहून लांब होती. दादाला रात्रपाळी, तो दिवसा झोपतो. साहेब दुपारी फेरीवर निघाले की दादा कूस बदलायचा आणि दादाने कूस बदलली की वहिनीचा पारा चढायचा.

मला मात्र तो आवाज हवा असायचा. का, ते सांगतो. कागदावर लाज जरा कमी वाटते.

वर साहेबांखेरीज दोघंच राहतात. पोस्टातून रिटायर झालेले काका आणि त्यांची मुलगी. ती आमच्या दुकानासमोरच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. माणसाला खुर्चीत बसवते, त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवते, भिंगं बदलते आणि विचारते, "हे स्पष्ट, की हे?" (रस्त्यापलीकडून तिचे ओठ वाचत मी दोन वर्षं हे ऐकत आलो. माझे डोळे उत्तम आहेत.) मी सहाला घरी येतो, ती सव्वासातला. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच साहेबांना कळतं. मग छतावर पलंगापासून दारापर्यंत टकटकटकटक अशी धाव जायची. दार उघडायचं. मग चपला काढल्याचे दोन आवाज. एक. दोन. मग मी वहिनीला म्हणायचो, "वाढ."

"सव्वासातलाच बरी भूक लागते हो भाऊजींना," वहिनी म्हणायची. मी ताटात बघायचो.

तर एका संध्याकाळी वहिनीने मला उभं केलं.

"भाऊजी, आज वर जाऊन सांगाच."

"काय सांगू?"

"नखं कापा म्हणावं. नाहीतर मोजे घाला म्हणावं कुत्र्याला."

"पण कसं सांगू?"

"तोंडाने."

मी जिन्यावर वाक्य पाठ केलं. तुमच्या कुत्र्याच्या नखांचा आवाज होतो, दादाची झोप मोडते. बारा पायऱ्यांत बारा वेळा म्हटलं. दार तिने उघडलं.

"तुमच्या कुत्र्याची नखं," मी म्हणालो, "छान आहेत."

"अं?"

"म्हणजे वाढलीत. छान वाढलीत."

"खाली त्रास होतो ना?" ती ओशाळली. "काय करू हो! डॉक्टरांकडे न्यायला निघालं की कोपऱ्यावर बसकण मारतो. आधी आई कापायची. आई गेल्यापासून कुणाच्या हातात पंजाच देत नाही."

"मी कापतो."

हे कोण बोललं ते बघायला मी मागे वळलो. जिन्यात कोणी नव्हतं.

"तुम्हाला येतं?"

"हो." (तोवर मी कुत्र्याला हातही लावलेला नव्हता.)

दुसऱ्या दिवशी घरातलं नेलकटर घेऊन वर गेलो. साहेब सोफ्यावर होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं रजेच्या अर्जाकडे बघतात. मी पंजा धरला. त्यांनी तो सावकाश, कसलाही राग न धरता काढून घेतला. मी परत धरला. त्यांनी परत काढून घेतला. असं तेवीस वेळा झालं. चोविसाव्या वेळी पंजा समजून मी माझीच करंगळी कटरमध्ये घातली. त्या दिवशीचं एकमेव रक्त माझं. तिने कापूस लावून पट्टी बांधली. तिच्या बोटांना काचा पुसायच्या त्या औषधाचा वास होता. घरी गेल्यावर वहिनी म्हणाली, "पट्टी बदलू का?" मी म्हणालो, "नको." पुढचे पाच दिवस नकोच म्हणत होतो.

काका मात्र वैतागले. "तुला येतं की नाही नक्की?"

"उपाय आहे, काका," मी म्हणालो. "झोळी शिवतो."

विचार साधा होता. गाडीच्या सीटला जमीन लागत नाही म्हणून ती कुठे पळत नाही. साहेबांचे पाय जमिनीला लागलेच नाहीत, तर तेही पळणार नाहीत. मी टेप घेऊन साहेबांची छाती, पोट आणि पायांमधलं अंतर मोजलं. दुकानात रेक्झिनवर खडूने माप काढलं, आतून फोम घातला, चार भोकांच्या कडांना गोल पायपिंग केलं. दुकान ज्यांचं, त्या उस्तादांनी चष्म्यावरून बघितलं.

"ही कुठल्या गाडीची सीट?"

"गाडी वेगळी आहे, उस्ताद."

"भोकं कशाला?"

"पाय खाली सोडायला."

उस्तादांनी एका भोकात बोट घालून बघितलं. "आमच्या वेळी पाय बाहेरूनच सोडायचे," म्हणाले आणि पुन्हा मशीनवर वाकले.

वरच्या गॅलरीत कुंडी टांगायचा हुक होता. त्याला साखळीने झोळी अडकवली, तिघांनी मिळून साहेबांना आत बसवलं. चार पाय चार भोकांतून खाली. साहेब हवेत लोंबकळत होते आणि मिनिटभर इतके शांत होते की काका म्हणाले, "अरे, हे तर पार्सल झालं. पत्ता लिही नि टाक पेटीत."

ती हसली. तिला असं हसताना मी फक्त काचेपलीकडून बघितलं होतं, तेव्हा त्याला आवाज नव्हता. आता आवाज होता. त्या आवाजाच्या नादात मी पहिलं नख कापलं. कट्!

साहेबांनी खाली बघितलं. त्यांना कळलं की आपण टांगलेले आहोत. मग ते पोहायला लागले. चारही पाय हवेत, झोळी पुढे-मागे, पुढे आली की माझ्या छातीवर, मागे गेली की काकांच्या पोटावर. तिसऱ्या झोक्याला मी धुण्याच्या बादलीत बसलो. चौथ्या झोक्याला हुक छतासकट निघाला, म्हणजे छत जेवढं त्याच्या हाताला लागलं तेवढ्यासकट. आणि साहेब काळ्या रेक्झिनचा कोट घालून, मागे साखळी आणि हुक खणखणवत जिना उतरून थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले.

मी बादलीतून सुटून खाली पोहोचलो, तेव्हा वहिनी ओट्यावर चढून बसली होती.

"भाऊजी, हे काय आहे?"

"साहेब."

"मी आवाज कमी करायला सांगितलं होतं ना?"

आतून दादा ओरडला, "चोर आहे की काय रे?"

(झोळीची एकही शिवण उसवली नाही, हे मला इथे नमूद करावंसं वाटतं.)

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या संध्याकाळी तीच दारात आली. "येताय ना? एक कल्पना सुचलीय."

कल्पना अशी. ती जमिनीवर बसली, साहेबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. मी समोर बसलो. पंजा धरला. साहेबांनी काढून घेतला नाही. एक मोठा उसासा सोडला. मी एक नख कापलं. लगेच साहेब उठले, अंग झटकलं आणि निघून गेले. दुसरं नख काही केल्या दिलं नाही.

"रोज एकच देणार वाटतं," ती म्हणाली. "चालेल तुम्हाला?"

कुत्र्याला अठरा नखं असतात. पुढे पाच-पाच, मागे चार-चार. एक झोळीत गेलं, एक आज गेलं. सोळा उरली. सोळा संध्याकाळी! मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "बघू, वेळ काढतो."

त्या संध्याकाळी कशा होत्या ते मला नीट लिहिता येत नाही. आमच्या दोघांची डोकी एका पंज्यावर वाकलेली असायची. ती विचारायची, "आत नस दिसते का? जपून हं." मी म्हणायचो, "दिसते." एवढंच बोलणं. एका नखाला फार तर चार मिनिटं. मी ती सहापर्यंत ओढली. एकदा तर म्हणालो, "उद्या सुट्टी घेऊ, नखाला विश्रांती लागते." काका म्हणाले, "कोण म्हणतं असं?" मी म्हणालो, "तज्ज्ञ." ती खाली बघून साहेबांचे कान चोळत राहिली. पण तिचे खांदे हलत होते.

आणि मग बाराव्या नखानंतर एक गोष्ट लक्षात आली. मी घरी बसलो होतो. सव्वासात झाले. छतावर धाव गेली, पण ती टकटकटकटक नव्हती. ती टक-फुस, टक-फुस अशी होती. पुढचे दोन्ही पंजे गप्प झाले होते.

"आता बरंच कमी झालं हं," वहिनी खूश होऊन म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे, भाऊजी."

माझा घास हातातच राहिला. ज्या आवाजावर माझी संध्याकाळ उगवायची, तो आवाज मी स्वतःच्या हाताने रोज थोडा थोडा कापत होतो. वर जावं तर आवाज संपणार. न जावं तर नुसता आवाजच उरणार. (शाळेत गणितात मी नापास व्हायचो. पण तिथली गणितं इतकी वाईट नव्हती.) मी वर जात राहिलो.

अठराव्या नखाच्या दिवशी मी एका स्पोर्ट्स बाइकच्या सीटसमोर दिवसभर एक वाक्य घोटलं. नखं नसली तरी मी आलो तर चालेल का? सीटने काही हरकत घेतली नाही.

शेवटचं नख आतल्या बाजूचं होतं, अंगठ्यासारखं. कट्. साहेब उठले. या वेळी लगेच गेले नाहीत, माझा हात एकदा चाटला, मग गेले.

"झाली सगळी," ती म्हणाली.

"हो."

"उद्यापासून तुम्हाला त्रास नाही."

"ते आतलं नख जमिनीला घासत नाही," मी म्हणालो. "म्हणून वळतं. लक्ष ठेवा."

"ठेवते. आणखी काही?"

"नाही."

"नक्की?"

"हो."

ती थोडा वेळ दारात उभी राहिली. मीही राहिलो. मग काकांनी आतून विचारलं, "अगं, दार उघडं आहे का?" आणि मी खाली आलो.

त्यानंतरची संध्याकाळ. सहा वाजले, सात वाजले, सव्वासात वाजले. छत गप्प. साडेसात. ती आली असेल. किंवा नसेल. साहेब पलंगावरून उठले असतील, धावले असतील, दारात तिच्या पायांत घुटमळले असतील, आणि ते सगळं आमच्या डोक्यावर होऊनही मला काहीच माहीत नव्हतं. मी तीनदा जिन्यात जाऊन आलो. तिसऱ्यांदा काका भेटले. "काय रे, काही हरवलं का?" मी म्हणालो, "नाही, सगळं झालं."

वहिनीने ताट दोनदा गरम केलं. "काय सुंदर शांतता आहे!" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मग जा ना वर. नखं वाढली का म्हणून विचारा."

"एका दिवसात?"

"तुम्हाला दुसरं काही सुचत नाही, म्हणून म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी रेक्झिनचा एक पट्टा शिवला. साहेबांच्या गळ्याचं माप माझ्याकडे होतंच. आतून मऊ फोम, कडेला लाल पायपिंग, दुहेरी टाके. आणि पुढे तीन घुंगरू. तो घेऊन मी रस्ता ओलांडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या काचेच्या आत गेलो. ती एकटीच होती, फ्रेमा पुसत होती.

"साहेबांसाठी," मी म्हणालो आणि पट्टा वर धरला.

"अय्या, घुंगरू? कशाला?"

वाक्य तयार होतं. तुम्ही घरी आलात की मला खाली कळायचं, आता कळत नाही. अगदी जिभेवर होतं, एक टाकाही चुकला नसता.

"वहिनीला आवडतात," मी म्हणालो.

"ज्यांना टकटक सहन होत नव्हती, त्याच वहिनींना?"

"हो."

तिने फडकं खाली ठेवलं. खुर्चीकडे बोट केलं. "बसा."

मी बसलो. तिने ती जड चौकट माझ्या नाकावर चढवली. "समोरची शेवटची ओळ वाचा."

मी वाचली. त्याच्याखाली तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"नजर चांगली आहे," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडून इतकी वर्षं बघून तयार झालेली."

माझे कान तापले. भिंगांवर वाफ धरली. तिने हळूच चौकट काढून घेतली.

"दिसतं तुम्हाला सगळं. फक्त बोलता येत नाही. त्याचा चष्मा आम्ही ठेवत नाही."

आणि ती थांबली. 'हे स्पष्ट, की हे?' असं विचारल्यावर थांबते ना, तशीच. उत्तर येईपर्यंत.

"बरं," मी म्हणालो आणि उठून बाहेर आलो.

अर्ध्या रस्त्यात कळलं की पट्टा माझ्याच मुठीत आहे आणि पावलागणिक वाजतो आहे. मागे काचेचं दार उघडल्यासारखं वाटलं, पण वळून बघायचा धीर झाला नाही. तसाच छुम छुम करत दुकानात शिरलो.

उस्तादांनी मशीनवरून मान वर केली नाही.

"आलास का?" ते म्हणाले.