चंदेरी ढोलूची जन्मनोंद

जन्मनोंदणी कार्यालयाच्या हेडक्लार्कना एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकही जन्म प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला नव्हता. स्वतःच्या मुलीच्या जन्माच्या वेळीही ते कार्यालयातच होते. नोंद मात्र त्यांनी त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, एकही खाडाखोड न करता केली होती. हीच मुलगी शिकायला परगावी गेली, तेव्हा जाताना वडिलांच्या फोनमध्ये आपला एक गेम टाकून गेली.

"बाबा, माझ्या प्राण्यांना रोज खायला घाला. बाकी काही करू नका."

बाकी काही न करणं हेडक्लार्कच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण आठवड्याभरात त्यांना कळलं, की या प्राण्यांच्या जोड्या लावता येतात, जोडी अंडी घालते, आणि फोन खिशात ठेवून आपण पाचशे पावलं चाललो की बारा अंडी एकदम फुटतात. त्यातला ढोलू हा तीन पायांचा, मातकट रंगाचा, सदा जांभया देणारा प्राणी. साधारण चार हजार ढोलूंमागे एखादा चंदेरी निपजतो, अशी माहिती गेममध्येच दिली होती. चंदेरी ढोलूलाही पाय तीनच, आणि तोही जांभयाच देतो. ताकद तीच, अक्कल तीच, फरक काय तो रंगाचा. कार्यालयातल्या बढत्यांचे निकष याहून फारसे वेगळे नसल्याने हेडक्लार्कना ही पद्धत मनापासून पटली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिडकीवर 'फिरतीवर आहेत' अशी पाटी लागली. पाटी खोटी नव्हती. हेडक्लार्क व्हरांड्यात फिरत होते.

माणूस मुळात नोंदीचा. नोंद नसलेला जन्म त्यांच्या लेखी झालेलाच नसे. त्यांनी कपाटातून जन्मनोंदीचं एक कोरं रजिस्टर काढलं आणि लिहायला घेतलं. माता: ढोलू क्रमांक चार. पिता: ढोलू क्रमांक अकरा. जन्मस्थळ: मोबाइल. पिल्लू मातकट निघालं, की शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने: 'सामान्य. सोडून दिला.' गेममध्ये जागा थोडी, सामान्यांना ठेवून घेणं परवडत नव्हतं. बटण दाबलं की पिल्लू एक जांभई देई, मागे वळून एकदा बघे आणि गवतात नाहीसं होई.

एके दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, मी आत्ता गेम उघडला. माझा ढोलू कुठेय?"

"कोणता?"

"माझा! पहिला! मी सातवीत असल्यापासूनचा."

हेडक्लार्कनी रजिस्टर चाळलं. "हा बघ. अनुक्रमांक दोनशे बारा. मातकट होता. रीतसर सोडलाय."

"कुठे सोडला?"

"तसा रकाना नाहीये गं."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. हेडक्लार्कना वाटलं, रेंज गेली. मग कळलं, की रेंज होती. त्यांना कसंनुसं झालं. ते काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात बारा अंडी फुटली. बाराही मातकट. ती नोंदवता नोंदवता बोलायचं राहून गेलं.

असं किती दिवस लपणार? एका दुपारी साहेब अचानक टेबलाशी येऊन उभे राहिले. रजिस्टर उघडंच होतं.

"हेडक्लार्क, हा काय प्रकार आहे?"

साहेबांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या.

"नऊशे नोंदी आणि एकही खाडाखोड नाही!" मग दाराकडे नजर टाकून, आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्याकडे नर बरेच दिसतायत. एखादा द्याल का? माझी मादी दोन महिने बसून आहे."

त्या दिवसापासून हे काम कार्यालयीन झालं. साहेबांचे गुडघे दुखत असल्याने चालण्याचा भार निवृत्तीला सात महिने राहिलेल्या शिपायावर आला. त्याच्या कमरेला चार फोन बांधून त्याला फाटक ते रेकॉर्डरूम अशा फेऱ्या नेमून दिल्या. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून पोटऱ्या चोळत तो म्हणाला, "एवढ्या चालण्यात मी घरी पोचलो असतो, परत आलो असतो आणि तुमच्यावर चिडून पुन्हा घरी गेलो असतो."

महिनाअखेरीला नेहमीप्रमाणे जन्मांचा तक्ता मुख्यालयात गेला. रजिस्टरमधल्या ओळी मोजून तो भरायचा असतो. ओळीत कोण आहे, हे विचारायची प्रथा नाही. जन्म नऊपट वाढलेले पाहून मुख्यालयाने साहेबांना प्रशस्तिपत्र पाठवलं आणि शेजारच्या कार्यालयाकडून 'जन्म इतके कमी का?' असा खुलासा मागवला. पाठोपाठ कुणा दूरदृष्टीच्या अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं, की एवढी बाळं उद्या पाळणाघरांवर तुटून पडतील. लगोलग परिपत्रक निघालं: जन्मदाखल्याशिवाय कोणत्याही बाळाला पाळणाघरात घेऊ नये.

आणि म्हणून एका सोमवारी, तीन महिन्यांचं बाळ खांद्यावर टाकून, बस चालवणारी एक बाई खिडकीशी आली.

"पुढच्या सोमवारी ड्युटीवर हजर व्हायचंय. पाळणाघरवाले दाखला मागतात."

"रजिस्टर संपलंय, बाई."

"संपलं म्हणजे?"

"जन्म फार झालेत."

"कुठे झालेत? आमच्या अख्ख्या गल्लीत हे एवढं एकच बाळ आहे!"

"नव्या रजिस्टरचं मागणीपत्र गेलंय. उद्या या."

ती मंगळवारी आली. बुधवारी आली, गुरुवारी आली. शुक्रवारी आली तेव्हा मागची रांग फाटकापर्यंत गेली होती आणि रांगेचाही धीर सुटला होता. "माणसाचं लेकरू आहे, नोंद करा!" असा गलका झाला. एका निवृत्त शिक्षकांनी छत्रीच्या मुठीने काउंटर बडवला. हेडक्लार्क घाबरले. शोधता शोधता शेवटच्या पानावर तळाची एक ओळ सापडली. त्यांनी कार्बन घातला, म्हणजे नोंद आणि दाखला एकदमच होईल, आणि भराभरा लिहू लागले. तारीख, माता, पिता. हात सवयीने लाल पेनाकडे गेला.

बाई जाळीतून बघत होती. उलटी अक्षरंही तिने वाचली.

"'सामान्य. सोडून दिला'?"

हेडक्लार्क चमकले. कागदावर खरंच तसं लिहिलं गेलं होतं.

"सामान्य आहे, कबूल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "दूध ओकतो, किरकिर करतो, सगळ्यांची पोरं करतात तेच करतो. पण कुठे सोडू मी याला, साहेब? तुम्हीच सांगा."

हेडक्लार्कच्या कानात मुलीचा आवाज घुमला. डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यातली पहिली खाडाखोड करायला त्यांनी पेन टेकवलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून शिपायाची आरोळी आली, "फुटलं! चंदेरी फुटलं!"

हेडक्लार्क पेनासकट धावले. साहेब गुडघे विसरून धावले. पाठोपाठ रांग धावली. लोक बाकांवर चढले, एकमेकांच्या खांद्यांवरून मोबाइल उंच धरू लागले. निवृत्त शिक्षकांना ढोलूसोबत फोटो हवा होता. खिडकीशी बाई आणि बाळ तेवढे उरले. तिने जाळीखालून हात घातला, शिक्का ओढून घेतला, दाखल्यावर स्वतःच उमटवला आणि निघून गेली. पाळणाघराने दाखला घेतला. तिथे शिक्का गोल आहे की नाही एवढंच बघतात.

पुढे साहेबांना बढती मिळाली. हेडक्लार्कनी चंदेरी ढोलूचा फोटो मुलीला पाठवला. तिने तो पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. ढोलू दिसतो तरी कसा, हे बघायला कार्यालयात अजून लोक येतात. वाचता वाचता तुमच्याही मनात तेच आलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिला. ते हेडक्लार्कनी विचारलं नव्हतं, रांगेतल्या कुणी विचारलं नव्हतं, आणि इथवर येऊनही तुम्ही विचारलेलं नाही.