जागा मिळाली

कवळीवाल्यांच्या घरात तीन दिवस एकच वजाबाकी चालू होती. पगारातून भाडं वजा करायचं आणि काय उरतं ते बघायचं. इथे पगार बावीस हजार आणि भाडं दहा. आता घरमालकाने पुढच्या महिन्यापासून चौदा सांगितले, म्हणजे उरले आठ. आठात दोघांचं खाणंपिणं, वीज, औषधं आणि पाहुणे आले की चेहऱ्यावर हसू, एवढं सगळं बसवायचं होतं. गाव सोडून बायकोच्या भावाच्या शहरात जावं, तर तिथला पगार माहीत नाही आणि भाडंही माहीत नाही. कशातून काय वजा करायचं याचाच पत्ता नव्हता, तरी नवराबायको जेवण झालं की वही घेऊन बसत, रोज नवं उत्तर काढत आणि त्यावरून भांडत.

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दाताच्या एका डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून ते सोळा वर्षं कवळ्या बनवत होते. प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, मेणात दात रोवायचे, मग घासूनपुसून कड अशी करायची की म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीला कळूसुद्धा नये. हात सोन्याचा, पण वय अठ्ठेचाळीस, आणि येत होतं ते एवढं एकच काम. उडी मारली आणि पाय घसरला तर ना इथली नोकरी ना तिथली, या धास्तीने बिचाऱ्यांचं अन्न गोड लागत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बायकोने वही फाडकन मिटली.

"हे असं नाही जमायचं. कामं वाटून घेऊ. नोकरीचं तुम्ही बघा, घराचं मी बघते. मी तुमच्यात तोंड घालणार नाही, तुम्ही माझ्यात घालू नका."

"आणि मग?"

"मग आपापली उत्तरं आणू, आणि एकदाच काय ती वजाबाकी करू."

दोघांनी मिळून बायकोच्या भावाला कळवलं, की बाबा रे, आमच्यासाठी नोकरी बघ आणि घरही बघ. हा भाऊ लहानपणापासून बोलायला इतका कंजूष, की घरात त्याला तारबाबू म्हणायचे. पूर्वी तार करताना शब्दाशब्दाला पैसे पडत, तसे याला बोलतानाही पडत असावेत. बहिणीच्या लग्नात सगळे मिळून तो सात शब्द बोलला होता, आणि त्यातले दोन 'मीठ वाढा' हे होते.

चार दिवसांनी कवळीवाले एका आजोबांच्या खालच्या कवळीची कड घासत बसले होते, तेव्हा खिशातला फोन थरथरला. तारबाबूचा निरोप होता. 'जागा मिळाली. महिना अठरा. मालक सज्जन. बोलून घ्या.' खाली नंबर.

आता आपल्या भाषेत जागा हा शब्द मोठा आतल्या गाठीचा. राहायची ती जागा, नोकरीची तीही जागा, आणि दात पडला की तोंडात उरते तीसुद्धा जागाच. ज्याला ज्याची काळजी, त्याला त्याची जागा दिसते. कवळीवाल्यांना नोकरी दिसली, आणि तिचा पगार बघून त्यांचा चेहरा पडला. सोळा वर्षं घासून शेवटी बावीसाचे अठरा? ते मागच्या जिन्यात गेले आणि मन घट्ट करून त्यांनी नंबर लावला.

"नमस्कार. जागेसंबंधी बोलायचं होतं."

"बोला, बोला. तुमच्या मेव्हण्यांनी सांगितलंय," पलीकडून एक प्रसन्न, म्हातारा आवाज आला. "घरात माणसं किती?"

नोकरी देताना घरच्यांची चौकशी करणारा मालक कवळीवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

"मी आणि बायको. दोघंच."

"उत्तम. या आधी कुठे किती वर्षं होतात?"

"एकाच जागी सोळा वर्षं. आजवर एक तक्रार नाही."

"अशी माणसं हल्ली मिळतात कुठे? बरं, आकडा कळला असेलच."

"कळला." कवळीवाल्यांनी घसा खाकरला. "राग मानू नका, पण अठरा काही मला पटत नाहीत."

"हे बघा, आधीच सांगतो, मी एक पैसा खाली येणार नाही."

"खाली नको हो. वर या."

"काय म्हणालात?"

"अठरा फार कमी होतात. चार ठिकाणी चौकशी करून बघा. निदान पंचवीस तरी पाहिजेत. माझ्याही मानाचा प्रश्न आहे."

उत्तर यायला एवढा वेळ लागला, की गेली जागा हातची, असं कवळीवाल्यांना वाटलं. मग म्हातारा जपून म्हणाला, "तुमची इच्छाच असेल तर मी कशाला मोडता घालू? पंचवीस तर पंचवीस."

"आणि वाढ?"

"वर्षाला दहा टक्के असते आमच्याकडे. जड वाटत असेल तर..."

"छे छे, दहाच ठेवा. इथे तर तीन वर्षांतून एकदा होते, तीही मागे लागावं तेव्हा."

"तुम्ही मागे लागता?"

"मग काय करणार? आणि आगाऊ वगैरे काही?"

"तीन महिन्यांचे आगाऊ."

तीन महिन्यांचे. कवळीवाल्यांनी मनातल्या मनात पंचवीसला तिनाने गुणलं. "काही हरकत नाही," असं ते कसंबसं म्हणाले.

"एक मात्र सांगून ठेवतो, मागाहून बोल नको. खालचं सगळं मूळचं आहे, दगडासारखं. पण वरचं दोनतीन ठिकाणी निसटलंय."

कवळ्यांच्या धंद्यातला मालक आणि स्वतःचेच वरचे दात निसटलेले, हे जरा चमत्कारिक होतं. पण दिव्याखाली अंधार असायचाच.

"त्याची चिंता सोडा," कवळीवाले म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात मी स्वतः बसवून देतो. पैसे नकोत. हातचं काम आहे माझ्या."

"देव तुमचं भलं करो," म्हातारा गहिवरून म्हणाला. "एक तारखेला या."

कवळीवाले जिना चढले ते तरंगतच. तसेच ते डॉक्टरांसमोर उभे राहिले आणि एक तारखेपासून येणार नाही म्हणून सांगून मोकळे झाले. डॉक्टर आपल्याला थांबवतील, निदान एकदा तरी 'विचार करा' म्हणतील, अशी त्यांची फार इच्छा होती. डॉक्टरांनी हातमोजे काढून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत हो. कवळ्या करणारं यंत्र मागवलंय मी, पुढच्या महिन्यात येतंय. तुम्हाला कसं सांगावं या विचाराने माझी झोप उडाली होती."

मागे फिरायची वाट अशी बंद झाली. कवळीवाल्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण पंचवीस हजारांच्या माणसाने फार वेळ तोंड पाडून बसू नये, असं मनाला बजावत त्यांनी आपली पटाशी, मेणाची सुरी आणि दोन ब्रश कागदात गुंडाळले आणि ते घरी आले.

घरी येऊन बघतात तर बायको दारातच, आणि चेहरा फुललेला.

"जागा पक्की झाली," दोघं एकदमच म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुला कसं कळलं?"

"तारबाबूने कळवलं," हेही दोघं एकदमच म्हणाले, आणि दोघांनाही वाटलं की समोरचा आपलीच बातमी आपल्याला सांगतोय. शेवटी बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं.

"आधी माझं ऐका. माझा भाऊ कितीही घुमा असला तरी कामाचा आहे. हे बघा." तिने फोन पुढे धरला. 'जागा मिळाली. महिना पस्तीस. बाई कडक पण चोख. भावोजी भिडस्त. तू बोल.'

"पस्तीस?" कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "एवढं भाडं?"

"ऐका तर. मी लावला फोन. म्हटलं, बाई, पस्तीस आम्हाला झेपायचे नाहीत. तर त्या म्हणतात, झेपायचे नाहीत म्हणजे? हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय. मी म्हटलं, पंचवीस करा. तर म्हणाल्या, पंचवीसात मलाच लाज वाटेल. चांगली दिसते हो बाई. मी सव्वीसवर अडून बसले. शेवटी म्हणाल्या, सत्तावीस, याच्या खाली मी येणार नाही, लोक मला नावं ठेवतील."

"आणि जागा कशी आहे?"

"प्रकाश भरपूर. पाणी चोवीस तास, प्रत्येक खुर्चीपाशी वेगळा नळ."

"खुर्चीपाशी?"

"मलाही नवल वाटलं. पण खुर्च्या त्यांच्याच आहेत, तीन. मागे रेलता येतं. फक्त शिस्त भारी. मी सहज विचारलं, दुपारी झोपायला शांतता असते ना? तर म्हणाल्या, आमच्याकडे दुपारी कुणी झोपत नाही. आणि संध्याकाळी सातला कुलूप लावतात."

"सातला? मग आपण कुठे जायचं?"

"तेवढं मी विचारलं नाही. पस्तीसाचे सत्तावीस केल्यावर आणखी किती ताणायचं माणसाने? आपल्या घरमालकाला तर सांगूनही टाकलं. त्याने लगेच मापं घ्यायला रंगारी आणला. ते जाऊ दे, तुमचं काय झालं?"

"मी अठराचे पंचवीस केले," कवळीवाले म्हणाले. पण आवाजात मघाची ऐट नव्हती, कारण डोक्यात वजाबाकी सुरू झाली होती.

बायकोने वही उघडली. वर लिहिलं पंचवीस, खाली लिहिलं सत्तावीस, आणि पेन्सिल तिथेच थांबली.

"हे होत नाहीये," ती म्हणाली.

"उलट करून बघ."

"उलट कसं करणार? पगारातूनच भाडं जायचं ना? दोन कमी पडतायत."

"म्हणजे मी महिनाभर राबायचं आणि वर दोन हजार घरून न्यायचे?"

"घर तरी कुठलं? ते सातला बंद होणार."

इथली नोकरी गेली होती, इथल्या भिंतींवर रंगाऱ्याच्या खुणा झाल्या होत्या, आणि तिथे जाऊन दरमहा दोन हजारांनी बुडायचं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं. कवळीवाल्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले. सोळा वर्षं या हातांनी इतक्या तोंडांना घास मिळवून दिला, आणि आता आपल्याच तोंडाचं काय, या विचाराने त्यांना अगदी भरून आलं.

"अहो, असं काय करता?" बायको हळूच म्हणाली. "तारबाबूला विचारू. दुसरी एखादी जागा बघेल तो."

तिने फोन लावून मधे टेबलावर ठेवला.

"हं," तारबाबू म्हणाला.

"अरे, तू मला पाठवलेली जागा नाही रे परवडत," कवळीवाले म्हणाले. "पंचवीस पगारात सत्तावीस भाडं कसं भरू?"

"तुम्हाला पगाराची नाही पाठवली."

"मग कसली पाठवली?"

"राहायची. करार तुमच्या नावाने."

"आणि मला?" बायकोने विचारलं.

"भावोजींची नोकरी. त्यांना पगाराचं बोलायला जमत नाही. म्हणून तुला."

टेबलाच्या एका बाजूला बसून कवळीवाल्यांना एक एक गोष्ट उमगत होती. वरचं निसटलं होतं ते म्हाताऱ्याचे दात नव्हते, घराचं छप्पर होतं, आणि ते फुकट शाकारून द्यायचं वचन गेलं होतं. दहा टक्के वाढ कुणाची आणि तीन महिन्यांचे आगाऊ कुणी कुणाला द्यायचे, हेही त्यांना स्वच्छ दिसलं. समोर बसलेल्या बायकोला मागे रेलणाऱ्या खुर्च्या दिसत असाव्यात, कारण तिने पदर तोंडाला लावला होता.

मग तिने पेन्सिल उचलली. पंचवीस खोडून वर सत्तावीस लिहिले, खाली पंचवीस लिहिले.

"अहो."

"काय?"

"दोन उरतात."

"कमी पडतात ना?"

"नाही हो. उरतात. सत्तावीस पगार, पंचवीस भाडं. दोन शिल्लक."

कवळीवाल्यांनी वही ओढून घेतली, बोट ठेवून दोनदा वजाबाकी केली, आणि त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. नोकरी होती. घर होतं. सातला बंद होणार होता तो दवाखाना. मघाशी बुडत होतो, आता दोन हजार वर आहोत, या आनंदात त्यांनी बायकोच्या पाठीत थाप मारली, आणि एरवी यावरून चिडणारी ती हसता हसता रडायला लागली.

"पण एक मिनिट," टेबलावरून तारबाबूचा आवाज आला. "सत्तावीस कसले? मी पस्तीस ठरवले होते. आणि भाडं पंचवीस कुठून आलं? अठरा सांगितलं होतं मी. पस्तीसातून अठरा गेले तर सतरा उरतात. पंधरा हजार गेले कुठे?"

त्याला एका दमात एवढं बोलताना दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. बायकोने फोनवर हात ठेवला.

"दोघांना फोन करून खरं सांगून टाकू या का?"

"काय सांगायचं? तुमच्या घराचं भाडं मी हट्टाने वाढवून घेतलं, आणि माझा पगार माझ्या बायकोने भांडून कमी केला?"

"नको. पहिल्याच दिवशी वेड्यात काढतील."

"भावोजी?" तारबाबूने हाक मारली.

बायकोने फोनवरचा हात काढला. कवळीवाल्यांनी एक खोल श्वास घेतला.

"काय सांगू बाबा तुला," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या शहरात महागाई फार. चार तासांत भाडं सात हजारांनी वर गेलं."

"आणि पगार आठ हजारांनी खाली," बायको म्हणाली. "कसे रे दिवस काढता तुम्ही लोक तिकडे?"