वरच्या मजल्यावरची डावी खिडकी

गाजावाजा न करता जागा कशी पटकावावी, हे माझ्याकडून शिकावं! जुन्या डबल डेकरची शेवटची फेरी जाहीर झाली तेव्हाच मी सुनेला सांगून ठेवलं, "वरचा मजला, पुढचं बाक, डावी खिडकी. ती माझी!"

एकतीस वर्षं त्या खिडकीत आमची ही बसली आणि मी कडेला. "अहो, मला बाहेरचं बघायचंय," म्हणायची. मग मी काय आतलं बघायला चढायचो? दीड वर्षापूर्वी ती गेली. आता बसही चालली. तिला तिथून एवढं काय दिसायचं, ते एकदा तरी बघायचं होतं.

वर गेलो, तर खिडकीत पिशवी बसलेली! शेजारी बसप्रेमी मंडळाचे अध्यक्ष.

"काका, जागा धरलीय."

"कोणासाठी?"

"कॅमेऱ्यासाठी."

साठ बसप्रेमी, सगळ्यांचे डोळे ओले. "नव्या एसी बसमध्ये पाऊल ठेवणार नाही!" अशा शपथा चाललेल्या. इंजिन खोकलं की टाळ्या! मी आपला दांड्याला धरून, वाळत घातलेल्या टॉवेलासारखा लोंबतोय.

अर्ध्या वाटेत सगळे फोटोसाठी उतरले. फोटो काढायला कंडक्टरलाही नेलं. पिशवीसुद्धा गेली!

"काका, चला की!"

"गुडघे हो, गुडघे," मी कण्हलो.

जिन्यावरची पावलं थांबली आणि मी झेपावलो! बसताना आधाराला डोक्यावरची घंटेची दोरी धरली. टण! खिडकीकडे सरकताना पुन्हा धरली. टण!

डबल बेल म्हणजे 'चला'. ड्रायव्हर पुढच्या बंद केबिनमध्ये. त्यानं इमानदारीत बस सोडली!

मागे बघतो तर साठ माणसं, एक कंडक्टर आणि 'निरोप' लिहिलेला फलक, सगळे धावतायत!

एक टोला मारला असता तर बस थांबली असती. मला ठाऊक होतं. हात वरही गेला होता. पण तेवढ्यात झाडाची फांदी काचेवर सप्पकन आपटली आणि मी हसत सुटलो. तीन स्टॉप हसलो!

चौथ्या स्टॉपला मागून नवी एसी बस सगळ्यांना घेऊन आली आणि आडवी उभी राहिली. कंडक्टर धापा टाकत वर आला.

"आजोबा, घंटा तुम्ही मारलीत?"

"आधार घेतला."

"दोनदा?"

"गुडघे दोन आहेत."

"धन्य आहे तुमची!"

"बाकीची मंडळी?"

"नाही येत म्हणतात. तिकडे गार वाटतंय."

खाली पाहिलं. अध्यक्ष एसीच्या झरोक्याला तोंड लावून, डोळे मिटून उभे होते!

बस निघाली. अख्खा मजला माझा! दुकानांच्या पाट्या, कोणाच्या गच्चीतले कपडे, कठड्यावरचं मांजर, सगळं दिसलं. पण "अहो, ते बघा, ते बघा!" म्हणत कोपरानं ढोसणारं कोणी नव्हतं. मी गुपचूप कडेला सरकलो.

कंडक्टर चक्रावला. "एवढा घोळ घातलात आणि खिडकी सोडलीत?"

"ती जागा बायकोची आहे."

त्यानं रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटाचं मशीन काढलं. "मग दोन तिकिटं."

"तिला ज्येष्ठांची सवलत?"

"वयाचा पुरावा दाखवा त्यांच्या."

तो तिनं मलासुद्धा कधी दाखवला नव्हता! पूर्ण तिकीट काढलं.