गितारीचं पोट

आमच्या वडवणीच्या गल्लीत कुणी दार वाजवलं तर आतून कुणी उठत नसे. "तात्या असंल," असं म्हणून माणसं जेवत राहायची. एकदा माझा सासरा बीडहून आला, तो बिचारा उन्हात दार वाजवत उभा, आणि आत त्याचीच लेक निवांत भाकरी थापत बसलेली.

हे सगळं दगडूतात्या सुतारामुळं. रस्त्यानं जाताना लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं टकटक केल्याशिवाय त्याचं पुढचं पाऊल पडायचं नाही. दार, खिडकी, गाडीची साटी, देवळातला चौरंग, काही चालायचं. टकटक करायची, मग तिथंच तळहात टेकवून डोळे मिटायचे. एकदा त्यानं पोलीस चौकीचं दार वाजवलं. आतून जमादारानं "कौन है?" विचारलं, तर बाहेरून उत्तर गेलं, "पोटात आवाज न्हाई हुजूर, लाकूड कच्चं हाय." त्या दिवशी दुपार कलेपर्यंत तात्याला चौकीच्या ओट्यावर बसवून ठेवलं होतं.

"पोट चुकलं" हे त्याचं सगळ्या दुनियेवरचं निदान. नवी बैलगाडी कुरकुरली, पोट चुकलं. कीर्तनकार बेसूर झाला, पोट चुकलं. निजामाच्या अंमलात नवा तालुकदार बदलून आला, त्यालाही लांबून बघून तात्यानं मान हलवली, "पोटात आवाज न्हाई."

माझं शिंप्याचं दुकान त्याच्या भिंतीला लागून. घडीघडी तो माझ्या दुकानात डोकवायचा.

"काय तात्या, काय काम काढलं?"

"काय न्हाई बे. कुणाचा तरी आवाज ऐकावा म्हनून आलतो."

कारण त्याच्या घरात आवाज नव्हता. त्याची बायको गोजराकाकू. तरुणपणी ती जात्यावर बसली की अख्खी गल्ली तिच्या ओव्यांवर जागी व्हायची, असं जुनी माणसं सांगत. पुढं एका तापात तिचे दोन्ही कान गेले. त्यानंतरही ती गायली होती एकदा, पण सूर भलतीकडं गेला, दळण घेऊन आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं ते बघितलं. ऐकू येत नव्हतं, दिसत तर होतं. त्या दिवसापासून काकूनं गाणंही सोडलं आणि बोलणंही. मूलबाळ नव्हतं. नवरा-बायको हातवारे करून संसार करत. रंधा चालायचा, चुलीवर भाकरी फुगायची, आणि सबंध दिवसात माणसाचा शब्द म्हणून नाही.

एका बाजाराच्या दिवशी मोमिनाबादच्या छावणीतला बँडमास्तर तात्याच्या दारात उतरला. मिंगेल मास्तर, गोव्याकडचा किरिस्ताव. त्याची गाडी ओढ्यात कलंडली होती आणि गितारीची मान मोडली होती. आम्ही असलं वाद्य जन्मात पाहिलं नव्हतं. तंबोऱ्याला भोपळा असतो, हिला पेटी. आणि पेटीला बाईसारखी कंबर. तात्यानं ती गितार उलटी धरली, पाठीवर टकटक केली, तळहात टेकवला आणि उभ्याचा उभा राहिला. मास्तर घाबरून मला म्हणाला, "इसको क्या हुआ?"

मान अशी बेमालूम बसली की मास्तर खूश झाला. म्हणाला, "मिस्त्री, ऐसा एक नया बाजा बनाव. अच्छा बना तो मेरे सब लड़कों के लिए तुम्हारेसेच लेता." छावणीचं काम म्हणजे आयुष्यभराची बेगमी. गल्लीतल्या माणसांनी तात्याला त्या दिवसापासून "दगडूशेठ" म्हणायला सुरुवात केली.

पहिली गितार त्यानं शिवणीच्या झाडाच्या लाकडाची केली, हुबेहूब मास्तरच्या गितारीसारखी. मी तार छेडून बघितली. काय गोड आवाज! म्हटलं, "तात्या, झालं की! पाठवून द्या छावणीत."

तात्यानं ती आत नेली. थोड्या वेळानं तोंड पाडून बाहेर आला. "पोट चुकलं."

दुसरीची पाठ त्यानं घासून घासून पापडासारखी पातळ केली आणि तारा जाड घातल्या. ती घुमायची, पण गोडवा गेला. तीही आत गेली आणि तशीच परत आली. तिसरीची कंबरच काढून टाकली. "कंबर कशाला पायजे? तिला काय फुगडी खेळायचीय?" ती गितार दिसायला डफासारखी झाली आणि वाजायला म्हशीसारखी. वरच्या आळीचा पांडू तेली मुद्दाम येऊन विचारून गेला, "तात्या, धार कवा काढता हिची?"

मग एके दिवशी तात्या माझ्याकडं आला. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "नामदेवा, तुझ्या काकूच्या चोळीचं माप दे."

"शिवायचीय का नवी?"

"न्हाई. बाज्याला पायजे."

मी खो खो हसलो. "तात्या, आता बाज्याला चोळी घालता का?"

तो हसला नाही. "मस्करी करू नको बे. माप दे."

मी दिलं. पुढच्या गितारीची पाठ त्यानं सपाट ठेवलीच नाही. मधोमध खोलगट, कडेला उचललेली, परातीसारखी. गल्लीनं त्या दिवशी ठरवून टाकलं की तात्याच्या डोक्याचंच पोट चुकलं.

पुढच्या बाजाराला मिंगेल मास्तर आला. ही बातमी लागताच दारात माणसं जमली. मास्तरनं गितार मांडीवर घेतली, ती मांडीवर बसेना. तार छेडली. धब्ब असा आवाज आला.

"मिस्त्री, ये गितार है के संदूक?"

"पाठीवर हात ठिवा, मास्तर. आता वाजवा."

"गितार क्या हातसे सुनते?"

"कुनी कुनी ऐकतं," तात्या म्हणाला.

तो आत गेला आणि काकूला हाताला धरून बाहेर घेऊन आला. एवढी माणसं बघून ती बावरली, पदर नीट केला, मागं फिरायला लागली. तात्यानं तिला ओट्याच्या खांबाला टेकून बसवलं, गितार तिच्या मांडीवर उभी ठेवली. ती खोलगट पाठ काकूच्या छातीला अशी लागली, जणू तिच्यासाठीच कोरली होती. कोरली तिच्यासाठीच होती. मला चोळीचं माप आठवलं आणि माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

तात्या समोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळ्यात जाड तार छेडली. काकूचे डोळे विस्फारले. पुन्हा छेडली. तिनं दोन्ही हातांनी गितार कवटाळली, हनुवटी तिच्या काठावर टेकवली आणि इतक्या वर्षांनी बोलली. आवाजाचा अंदाज नव्हता, म्हणून ओरडल्यासारखीच बोलली.

"जात्यावर कोन बसलंय?"

तात्या तार छेडत राहिला. थोड्या वेळानं काकूनं गायला सुरुवात केली. सूर कुठल्या कुठं चालला होता, शब्द अर्धे गिळलेले. मास्तरनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो पुढं सरकला, तात्याचा हात हलकेच बाजूला केला आणि स्वतः वाजवू लागला, तिच्या गाण्याच्या मागं मागं, सावकाश.

जाताना त्यानं तात्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बहुत अच्छा बनाया. लेकिन मेरे लड़कों को कान हैं, मिस्त्री. उनके लिए पहलेवाला बनाव."

"आता हेच पोट, मास्तर. दुसरं न्हाई जमायचं."

छावणीचं काम गेलं. तात्याला त्याचं काहीच वाटलं नाही. रोज दुपारी कामाच्या मधे तो काकूसमोर उकिडवा बसायचा आणि ती गायची. खरं सांगतो, ऐकवत नसे. पण गल्लीत कुणी तक्रार केली नाही, आणि बाया हसल्या नाहीत. तात्याचं माझ्याकडं डोकावणं मात्र थांबलं.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. रोज माणसं जात होती, आणि जळण पुरत नव्हतं. काकू गेली तेव्हा सरण अर्धंच झालं होतं. तात्या घरी गेला, शिवणीच्या फळ्या आणल्या, पाट आणले, शेवटी ती गितार आणली आणि पाठीच्या बाजूनं काकूच्या छातीवर ठेवली. आग वर चढली तशा तारा एकेक तुटल्या. आम्ही तिघं-चौघंच होतो. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

वर्षभरानं तात्यानं निरोप धाडून मास्तरला बोलावलं. गितारी तयार होत्या, कंबरेच्या, सपाट पाठीच्या. मास्तरनं वाजवली आणि त्याचा चेहरा फुलला. "वा मिस्त्री! अब आवाज निकला!" दारातली माणसंही माना डोलावत होती. पांडू तेली म्हणाला, "तात्या, आता बरोबर जमली बघा."

"हं. कानाला बरी लागती," तात्या म्हणाला.

मास्तर सगळ्या गितारी गाडीत घालून गेला. तात्या घरात शिरला नाही. तो माझ्या दुकानात आला आणि शिलाईच्या मशीनच्या लाकडी फळीला पाठ टेकून खाली बसला. दिवे लागायची वेळ झाली होती. मी हातातला सदरा संपवला, दोरा तोडला आणि पाय थांबवले.

"कावून थांबलास बे?"

"झालं काम, तात्या."

"चालू दे थोडं."

मी सुईखालचं कापड काढून घेतलं आणि रिकामी मशीन चालवत राहिलो. आतून बायकोनं जेवायला हाक मारली. तात्यानं फळीला पाठ तशीच टेकवून डोळे मिटले होते. मी ओ दिली नाही.