शेवटच्या पानावरची फॅट

रंगनाथअप्पा पुस्तक पहिल्या पानापासून कधीच वाचत नसत. वाचनालयात आले की कपाटातलं एखादं पुस्तक काढायचे, बरोब्बर मधोमध उघडायचे आणि उभ्याउभ्या दीड पान वाचायचे. मग ते एकतर परत ठेवायचे, नाहीतर काखेत मारायचे. मी एकदा विचारलं, "अप्पा, सुरुवात कावून बघत न्हाई?"

"गुरुजी, नमुना मधून घ्यावा. वरून घेतला की नुसती साय येती. लेखक पैल्या पानावर लई साय घालतो."

अप्पा आमच्या गावच्या सहकारी दूध डेअरीत फॅट काढायला होते. आमचं गाव नेकनूरच्या पुढं, रस्ता सोडून थोडं आत. कॅनमधलं दूध ढवळायचं, मधून नमुना घ्यायचा आणि पावतीवर फॅट, म्हणजे दुधाचा कस, आकड्यात लिहायची, हे काम त्यांनी पंचवीस वर्षं केलं. कुणी दुधात तांब्याभर पाणी घातलं तरी ते मान वर न करता ओळखायचे. सरपंचाच्या घरचं दूधही त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. त्यामुळे गावात त्यांना मान होता, पण जिव्हाळा म्हणाल तर कमीच.

मी शाळेत शिक्षक आणि संध्याकाळी दोन तास वाचनालयाचा ग्रंथपाल. हे सगळं सांगताना माझी मान खाली आहे, ते आधीच सांगून टाकतो. शेवटपर्यंत ती वर येणार नाही.

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. जनावरं चारा छावणीवर गेली आणि डेअरीत सकाळी जेमतेम दोन कॅन दूध यायला लागलं. अप्पांचं काम तासाभरात आटपायचं. पण खिडकी दिवसभर उघडी ठेवायची असा नियम होता, म्हणून दुपारीही ते खिडकीपाशी बसून राहायचे. त्याच वर्षी ते वाचनालयाचे सभासद झाले. दर आठवड्याला दोन पुस्तकं न्यायचे, एक प्रेमाची कादंबरी आणि एक ऐतिहासिक. तिसऱ्या प्रकाराला त्यांनी हात लावला नाही. आणि परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरा असायचा. खाली सही नसायची. पण ते अक्षर अख्ख्या गावाला दुधाच्या पावतीवरून ठाऊक होतं.

एका कादंबरीत नायक-नायिका गच्चीवर उभे राहून अकरा पानं बोलतात. तिच्यामागं लिहिलं होतं : "अकरा पानं गच्चीवर. खाली दूध उतू गेलं आसंल. फॅट दोन."

दुसरीतला नायक नायिकेच्या डोळ्यांवर कविता करत सुटलेला. शेरा : "डोळ्यावर लई लिवलं. हातावरचे घट्टे एकदा बी बघितले न्हाईत. लगीन झाल्यावर कळंल."

एकीची नायिका भरल्या घरातून निघून जाते. तिथं : "गेली ते बेस केलं. पर निघताना म्हशीला पाणी दावून जायचं व्हतं."

इतिहासालाही सवलत नव्हती. किल्ल्याला सहा महिने वेढा, तोफा, तलवारी, चारशे पानांचं रणकंदन. आणि मागं एवढंच : "आतल्या माणसांसाठी पाणी कुणी शेंदलं? लेखकाला इचारा."

हा "पाणी कुणी शेंदलं" शेरा जवळजवळ प्रत्येक ऐतिहासिक पुस्तकाच्या मागं असायचा.

मला तर करमणुकीची खाणच सापडली. डेअरीला लागून एक हॉटेल होतं. कामधंदा नसलेली माणसं दुपारभर तिथं बसलेली असायची. मे महिन्याची सुट्टी होती, मलाही घरी करमत नव्हतं. मी परत आलेलं पुस्तक घेऊन जायचो आणि अप्पांचा आवाज काढून, मान तिरकी करून शेरा वाचायचो. हॉटेलवाला मला चहा फुकट पाजायचा. माणसं पोट धरून हसायची. त्या कोरड्या उन्हाळ्यात मी गावाला हसवतोय, याचा मला चक्क अभिमान वाटायचा.

सगळ्यांत जास्त हशा एका शेऱ्यानं मिळवला. राणी आजारी असते, राजा मोहिमेवर. तो परततो तेव्हा ती गेलेली असते, आणि राजा चार ओळी रडतो. शेरा होता : "मागून रडून काय उपेग. जवळ बसायचं व्हतं."

त्यावर मी पदरचं एक वाक्य जोडलं. "म्हणूनच आमचे अप्पा डेअरी सुटली की घराबाहेर दिसत न्हाईत. राणीसाहेबांची फॅट उतरंल ना!"

अख्खं हॉटेल हसून कोसळलं. पुढं महिनाभर लोक मला तेच म्हणायला लावायचे.

आता राणीसाहेबांचं सांगतो. अप्पांच्या बायको कौसाबाई. दोन वर्षांपूर्वी टँकरच्या रेटारेटीत त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या अंथरुणावर होत्या. हे मला माहीत होतं. हॉटेलात हसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत असूनही मी ते बोललो.

पावसाळ्याच्या तोंडावर वाचनालयाची तपासणी आली. पुस्तकांवर लिहिलेलं दिसलं तर अनुदान अडकेल, अशी मला धास्ती. मी खोडरबर घेऊन बसलो आणि दोन संध्याकाळी खपून चाळीसेक पुस्तकांची मागची पानं स्वच्छ केली. त्याच आठवड्यात कौसाबाई गेल्या. मी मातीला गेलो होतो. अप्पा एका बाजूला बसले होते. मी हात जोडले आणि परत आलो.

पंधरा दिवसांनी अप्पा वाचनालयात आले. कपाटाकडं न जाता थेट माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"गुरुजी, नवीन नगं. जुनीच बघायची व्हती. घरी न्हेत न्हाई, हितंच बघतो. मागचं पान तेवढं."

मी राजा-राणीचं पुस्तक काढून दिलं. त्यांनी ते पहिल्यांदाच मधून न उघडता मागून उघडलं. पान कोरं होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरं पुस्तक मागितलं, मग तिसरं.

"खोडलं व्हय?"

"तपासणी होती, अप्पा."

"मग बराबर हाय. सरकारी काम." ते खुर्चीवर टेकले. "ते माजे न्हवते गुरुजी. कौसाचे व्हते. तिला अक्षर येत न्हवतं. मी वाचायचो, ती पडल्यापडल्या ऐकायची. ती बोलंल तसं मी लिवायचो. फॅट तेवढी माजी."

मग मला सगळं दिसायला लागलं. म्हशीला पाणी, हातावरचे घट्टे, पाणी कुणी शेंदलं. हे एवढं ढळढळीत बाईचं बोलणं होतं, आणि मी ते मिशीवाल्या अप्पांच्या आवाजात विकलं होतं.

"अप्पा, मला पाठ आहेत ते," मी कसाबसा म्हणालो.

"म्हाईत हाय की. हॉटेलची न् डेअरीची भित एकच हाय. माजी खिडकी तुमच्या बाकड्याला लागूनच."

म्हणजे सगळं ऐकलं होतं त्यांनी. रोज.

"घरी गेलं की पैल्यांदा तेच इचारायची. आज गुरुजींनी वाचलं का? लोक कुठं हासले? दोन वर्षं घराबाहेर पडली न्हवती वो ती. पर तिचं बोलणं हॉटेलात जातंय म्हणून लई खूश असायची." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "म्हणा. मी लिवून घेतो. हॉटेलात म्हणायचा तसंच म्हणा."

मी म्हणायला लागलो. तसं जमेना, पण म्हणत गेलो. गच्ची, डोळे, म्हैस, वेढा. अप्पा एकेका पुस्तकाच्या मागं दाबून लिहीत होते. मध्येच एकदा म्हणाले, "'बरं केलं' न्हाई, 'बेस केलं' म्हणली व्हती." शेवटी राजा-राणी उरले.

"मागून रडून काय उपेग," मी म्हणालो. "जवळ बसायचं व्हतं."

आणि थांबलो.

अप्पांनी पेन्सिल तशीच धरून वर पाहिलं. "फुडं?"

"एवढंच होतं, अप्पा."

"न्हाई, तुमचं ऱ्हायलं. राणीसाहेबांचं. त्याला तर लई हासली ती. हासून खोकला लागला, पाणी पाजावं लागलं." ते वाट बघत राहिले. "म्हणा की, गुरुजी."

मी मान खाली घालून ते वाक्य म्हणालो. अप्पांनी तेही लिहून घेतलं.